अंजिराच्या काड्या दरवर्षी घेता आणि दरवर्षी मरतात? माती नंतर बघा, आधी खरेदी बघा

लागोपाठ तीन वर्षं माझ्याकडे एकच कार्यक्रम चालू होता. झाडांची पानं गळायचे दिवस आले की अंजिराच्या काड्या, म्हणजे रुजवायला कापलेले फांदीचे तुकडे, मागवायच्या, महिनाभर त्यांच्याकडे टक लावून बसायचं, मग एकेक काडी काळी पडताना बघायची आणि शेवटी सगळं खापर मातीवर फोडायचं. पहिल्या वर्षी म्हटलं माती जड होती. दुसऱ्या वर्षी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणलं. तिसऱ्या वर्षी परलाइट (माती भुसभुशीत करणारे हलके पांढरे खडे), मुळ्या फुटायची पावडर, कुंडीखाली ऊब देणारी चटई, असा सगळा संसार मांडला, दोन काड्या जगल्यासुद्धा, आणि पुढे त्यांना फळं धरली ती बोराएवढी होऊन टपाटप गळून गेली.

मग एकदा वैतागून वही घेतली आणि आजवर आलेली प्रत्येक काडी लिहून काढली. कुणाकडून आली, किती दिवस वाटेत होती, कशी दिसत होती, कशाने गेली. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की दर वेळी मी माती बदलली पण काड्या घ्यायची पद्धत बदललीच नाही. फोटो बघायचा, भुलायचं, पैसे पाठवायचे, संपलं. गेलेल्या काड्यांपैकी अर्ध्याहून जास्त माझ्या कुंडीत जायच्या आधीच हरलेल्या होत्या.

हे मुद्दाम आधी सांगतोय कारण अंजीर मुळात रुजायला सोपं झाड आहे. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिलगाल नावाच्या ठिकाणी जळून कोळसा झालेली अंजिरं सापडली होती, साधारण ११,२०० ते ११,४०० वर्षांपूर्वीची, आणि ती परागीभवनाशिवाय पिकणाऱ्या जातीची असावीत, म्हणजे माणसानेच फांद्या लावून वाढवलेली असावीत, असं मत २००६ साली संशोधकांनी मांडलं. त्यावर नंतर वाद झाले ती गोष्ट वेगळी, पण मुद्दा असा की हे झाड काडीवरून वाढतं हे माणसाला फार जुन्या काळापासून माहीत आहे. तेव्हा चांगली काडी हातात असेल तर साध्या मातीतही ती बऱ्याचदा रुजते, आणि वाईट काडीला पावडर, चटई काहीही वाचवत नाही.

तर आता तुमची काडी कशाने गेली त्यावरून चूक शोधूया.

आली तेव्हाच सुकलेली होती

ही चूक ओळखायला सगळ्यात अवघड, कारण सुकलेली काडी मेलेली दिसत नाही. नखाने साल खरवडली की आत हिरवं दिसतं, आपण खूश. पण हा हिरवेपणा बरेच दिवस टिकतो, आतलं पाणी त्याआधीच गेलेलं असतं. मी आता तीन गोष्टी एकत्र बघतो. सालीवर उभ्या सुरकुत्या आहेत का, काडी तिच्या जाडीच्या मानाने हलकी लागते का, आणि खालच्या टोकाचा अर्धा सेंटीमीटर धारदार कात्रीने कापल्यावर काप ओलसर दिसतो का. कापल्यावर पांढरा चीक आला तर उत्तम, काडी ताजी आहे. चीक नाही आला म्हणून लगेच फेकू नका, महिनाभर फ्रिजमध्ये राहिलेल्या काड्यांना कधीकधी येत नाही. पण चीक नाही, सुरकुत्या आहेत आणि आतला गाभाही तपकिरी झालाय, असं सगळं एकत्र असेल तर ती काडी गेली. (हा चीक हाताला लागून त्यावर ऊन पडलं तर त्वचा भाजल्यासारखी होते, हातमोजे घाला, मी एकदा फोड घेऊन बसलोय.)

थोड्या सुरकुत्या असतील तर काडीचं खालचं टोक ४-५ तास पाण्यात ठेवून बघता येतं, किंचित कोमेजलेली काडी सावरते. पूर्ण वाळलेली सावरत नाही, तिच्या नादी लागू नका.

आता ती सुकली कुठे? बहुतेक वेळा वाटेत नाही, विकणाऱ्याकडेच. काड्या कापून नुसत्या पिशवीत भरून ठेवलेल्या असतात आणि ऑर्डर येईल तशा जातात. त्यामुळे घेण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न भावाचा नाही, काडी कधी कापली आणि तेव्हापासून कशात ठेवली आहे हा. जो माणूस नीट ठेवतो तो लगेच सांगतो, की अमुक आठवड्यात कापली, किंचित ओल्या कागदात गुंडाळून बंद पिशवीत घालून फ्रिजमध्ये आहे, वरच्या टोकाला मेण लावलंय किंवा पॅराफिल्म (ताणून चिकटणारी पातळ पट्टी) गुंडाळलंय. "एकदम फ्रेश आहे" एवढंच उत्तर आलं तर मी पुढे जात नाही. फ्रेश म्हणजे काय, तारीख सांगा ना.

आली तेव्हा बरी होती, मग बुरशी आली

इथे आधी एक गंमत. माझ्या पहिल्या खेपेतल्या दोन चांगल्या काड्या मीच फेकल्या, कारण सालीवर बारीक पांढरे फोड आले होते आणि मला वाटलं बुरशी. ती बुरशी नव्हतीच. सालीवरची श्वास घ्यायची छिद्रं ओलाव्याने फुगतात आणि पांढरी दिसतात, ते उलट चांगलं लक्षण आहे, कधीकधी मुळ्याही तिथूनच किंवा त्यांच्या आसपास निघतात. फरक ओळखायचा सोपा उपाय: बोट फिरवा. बुरशी कापसासारखी असते आणि पुसली जाते, फोड सालीतच असतात, जात नाहीत.

खरी बुरशी असेल आणि खाली साल टणक असेल तर घाबरायचं कारण नाही. कपड्यांना वापरतो ते साधं ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, त्यात एक-दोन मिनिटं काडी बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा, सावलीत पाणी निथळू द्या. साल बोटाखाली पिचकत असेल, बुळबुळीत असेल, तर निरोगी पांढरा-हिरवा काप दिसेपर्यंत कापत जा, आणि उरलेल्या तुकड्यावर दोन डोळेही (फूट येते त्या कळ्या) राहत नसतील तर सोडून द्या.

पण वारंवार बुरशीच येत असेल तर काडीचा प्रकार बघा. नवशिक्याला बऱ्याचदा फांदीचे कोवळे हिरवे शेंडे मिळतात, कारण छाटणीत तेच जास्त निघतात. शेंडा रुजत नाही असं नाही, अनुभवी लोक रुजवतात, पण कोवळं लाकूड ओलाव्यात पटकन कुजतं आणि आपल्याला ओलावा सांभाळायची सवय झालेली नसते. तुम्ही मागायची ती पक्व झालेली, तपकिरी-करड्या सालीची, पेन्सिलीएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटीमीटर लांब आणि निदान तीन-चार डोळ्यांची. दोन डोळ्यांमधलं अंतर फार लांब असेल तर ती फांदी सावलीत किंवा भरपूर खत खाऊन भराभर वाढलेली असते, आतला गाभा जाड आणि लाकूड पोकळ, अशी काडी मला नको असते. फोटोत काडीशेजारी पट्टी किंवा पेन ठेवायला सांगा. एवढं सांगितलं तरी बरेच लोक गप्प होतात.

पॅकिंगचा पण हात असतो. ओला कागद आणि ओलाचिंब कागद यात फरक आहे, पार्सल उघडल्यावर पिशवीत पाणी साचलेलं दिसलं तर काडी आठवडाभर अंघोळ करत आलीये. तुम्हीही फ्रिजमध्ये ठेवताना तीच चूक करू नका: कागद पिळल्यावर थेंब पडता कामा नये. तापमान २ ते ५ अंश, डीप फ्रीझरमध्ये अजिबात नाही, आणि पिकणाऱ्या फळांपासून लांब, कारण सफरचंदासारखी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने डोळे खराब होऊ शकतात. नीट ठेवलेली काडी अशी दोन-तीन महिने आरामात राहते.

पानं आली, मी नाचलो, मग सगळं कोमेजलं

हे विकणाऱ्यावर ढकलू नका, हे आपलं. काडीत साठवलेलं अन्न असतं त्यावरच ती पानं काढते, मुळ्या नसल्या तरी. दोन-तीन पानं बघून आपल्याला वाटतं जगली, आपण तिला उन्हात नेतो, जास्त पाणी घालतो, आणि तिकडे खाली एकही मुळी नसते. काहीजण तर रोज उपटून बघतात, ते तर विचारूच नका. पारदर्शक कपात लावा म्हणजे मुळ्या बाहेरूनच दिसतील, कप अंधारात किंवा दुसऱ्या कपात ठेवा, तापमान २१ ते २५ अंशांच्या आसपास, आणि मिश्रण मुठीत दाबलं तर जेमतेम एखादा थेंब यावा इतकंच ओलं. पानाआधी छोटंसं अंजीर फुटलं तर मोह आवरा आणि खुडून टाका, ते काडीतलं अन्न खातं.

आणि हो, उलटी लावली नाही ना? हसू नका, मी लावलीये. विकणाऱ्याने दोन्ही टोकं सरळ कापलेली असली की नवख्याला कळत नाही. पान गळाल्याचा वण खाली असतो आणि डोळा त्याच्या वर असतो, म्हणजे वण जमिनीकडे, डोळा आभाळाकडे. चांगले लोक खालचं टोक तिरकं कापून पाठवतात किंवा वरच्या टोकाला मेण असतं. काहीजण अख्खी काडी मेणात बुडवतात, तसं असेल तर खालच्या बाजूचं मेण खरवडून काढल्याशिवाय लावू नका.

झाड छान वाढलं पण फळं गळतात

माझ्या त्या बोराएवढ्या फळांची गोष्ट इथली, आणि मला वाटतं नवशिक्यांना कुणी सांगत नाही ते हेच.

खायच्या अंजिराचे फळ धरण्याच्या हिशोबाने तीन प्रकार धरा. पहिला साधा प्रकार, यात परागीभवन झालं नाही तरी फळ टिकतं आणि पिकतं. ब्राउन टर्की, सेलेस्ट, ब्लॅक मिशन, कडोटा, व्हायोलेट द बोर्दो, शिकागो हार्डी ही सगळी यातली. दुसरा स्मर्ना प्रकार, यात परागीभवन झालं नाही तर फळ गळतंच, आणि ते करते एक इवलीशी गांधीलमाशीच्या जातीची माशी, ब्लास्टोफागा सेनेस नावाची, जी जंगली नर अंजिरात राहते. कॅलिमिर्ना, म्हणजेच तुर्कस्तानातली सारी लोप, ही यातली प्रसिद्ध जात. तिसरा सान पेड्रो प्रकार, त्यात जुन्या फांदीवर येणारा पहिला बहर माशीशिवाय पिकतो आणि नव्या फुटीवर येणारा मुख्य बहर गळतो. डेझर्ट किंग यात येते.

तुमच्याकडे ती माशी नसेल आणि तुम्ही स्मर्ना जात घेतली असेल तर जगातलं कुठलंही खत ते फळ टिकवू शकत नाही. मी काय काय नाही केलं. बोरॉन फवारलं, पाणी वाढवलं, पाणी कमी केलं, झाडाची जागा बदलली. पुढे कळलं की ज्यांच्याकडून काडी घेतली ते राहतात तिथे माशी आहे. त्यांचा फोटो खरा होता, त्यांच्या झाडाला खरंच तशी फळं येत होती. खोटं कुणी बोललंच नव्हतं! परागीभवन झालेल्या अंजिराचा गर जास्त लाल, बिया कुरकुरीत, चव दाट, तेव्हा फोटोही तसाच भारी येतो. त्यामुळे "तुमच्या झाडाला फळं येतात का" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं असं की तुमच्या भागात अंजिराची माशी आहे का, आणि ही जात माशीशिवाय पिकते का.

यात फसलेला मी पहिला नाही याचं मला मोठं समाधान आहे. १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॅलिफोर्नियात तुर्कस्तानातल्या स्मर्नाहून (आजचं इझमीर) हजारो काड्या मागवल्या गेल्या, कारण स्मर्नाच्या सुक्या अंजिराचं नाव होतं. झाडं मस्त वाढली आणि फळं सगळी गळाली. आपल्याला मुद्दाम फालतू जातीच्या काड्या पाठवल्या असा संशय घेतला गेला, लोकांनी झाडं तोडलीसुद्धा. काड्या अस्सल होत्या, नव्हती ती फक्त माशी. ती आणून फ्रेस्नोजवळ तग धरायला १८९९ साल उजाडलं, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं गेली. माझी तीनच गेली.

पहिल्या दोन-चार खरेदीत फक्त साधा प्रकार घ्या, विषय संपला. माशी असलेल्या भागात राहत असाल तर मग हवं ते करा.

एक मात्र लक्षात ठेवा, साध्या प्रकाराचीही पहिल्या वर्षीची फळं गळू शकतात. झाड लहान असतं, कुंडी छोटी असते, पाणी कधी जास्त कधी कमी होतं. पुरेसं वाढलेलं झाड लागोपाठ दोन हंगाम सगळीच फळं टाकत असेल तरच जातीवर संशय घ्या.

जे मागवलं ते हे नव्हेच

नावांचा गोंधळ इतका आहे की कधी फसवणूक असते आणि कधी विकणारा स्वतःच फसलेला असतो. एकाच जातीला अनेक नावं: इटलीतली दोतातो आणि अमेरिकेतली कडोटा एकच. उलटही आहे, ब्राउन टर्की या एका नावाखाली वेगवेगळी झाडं विकली जातात, इंग्लंडमधली वेगळी आणि कॅलिफोर्नियातली वेगळी. त्यामुळे नवं नाव दिसलं की ती नवी जात असेलच असं नाही, तुमच्याकडे ती दुसऱ्या नावाने आधीच असू शकते, मी एकच जात दोन नावांनी दोनदा विकत घेतलेली आहे आणि दोन्ही वेळा खूश झालेलो आहे.

सरळ फसवणूक ओळखणं त्या मानाने सोपं. निळंशार अंजीर, इंद्रधनुषी अंजीर, आत गुलाबी-जांभळ्या चकत्या, असं काही नसतं, ते फोटो रंगवलेले. अंजिराचं बी म्हणून पाकिटं विकतात तीही नको: बियाण्यातून आईसारखं झाड येत नाही आणि त्यातली साधारण निम्मी झाडं नर निघतात, ज्यांची फळं खायच्या कामाची नसतात. हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं अंजीर मात्र खरंच असतं, पॅनाशे किंवा टायगर म्हणतात, आणि ते तपासायला फळापर्यंत थांबावं लागत नाही कारण त्याच्या कोवळ्या फांद्यांवरही पट्टे असतात. पट्टेवाल्या अंजिराची काडी म्हणून साधी एकरंगी काडी आली तर तिथेच विचारा.

बाकी जाती काडीवरून ओळखता येत नाहीत. पानावरूनही खात्रीने नाही, एकाच झाडावर तीन बोटांचं आणि पाच बोटांचं पान मी रोज बघतो. म्हणून माणूस तपासावा लागतो. फोटो दुसरीकडून उचललाय का ते फोटो शोधून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. झाडाचा, पानाचा आणि कापलेल्या फळाचा असे तीन फोटो मागा, फांदीला आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवून. काडी कुणाच्या झाडावरून आली, त्याच्याकडे कुठून आली हे विचारा. ज्याला आपल्या झाडाचं वेड असतं तो हे सगळं सांगताना थांबत नाही, उलट तुम्हालाच फोन ठेवावासा वाटतो. आणि जो म्हणतो "जात माहीत नाही, पण माझ्या अंगणातलं आहे आणि फळ गोड आहे", त्याच्याकडून बिनधास्त घ्या, माझ्याकडची सगळ्यात जास्त फळं देणारी कुंडी अशीच बिननावाची आहे.

पानांवर पिवळे डाग, वेडीवाकडी पानं

मोझॅक विषाणू. अंजिरात तो इतका पसरलेला आहे की "माझ्याकडे अजिबात नाही" म्हणणाऱ्यापेक्षा "आहे पण झाड जोमात आहे" म्हणणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. काडीला पानं नसतात तेव्हा दिसत नाही, त्यामुळे घेताना कळायला मार्ग नाही, आधी पानांचा फोटो बघितला असेल तरच. काडीतून येतो, डोळ्याला न दिसणाऱ्या कोळ्यातून झाडाझाडांत पसरतो, आणि औषध नाही. फवारणीवर पैसे घालवू नका. सौम्य असेल तर झाड वाढता वाढता त्याला पुरून उरतं. रोप खुरटलेलं राहिलं, प्रत्येक पान वेडंवाकडं आलं, तर मी काढून टाकतो, आणि ती कात्री दुसऱ्या झाडाला लावायच्या आधी स्वच्छ करतो. ब्लॅक मदेरा सारख्या नावाजलेल्या, महाग जातींमध्ये हा त्रास बऱ्याचदा जास्त दिसतो आणि त्या वाढायलाही हळू, तरी नवशिक्याचा हात पहिला तिकडेच जातो. माझाही गेला होता.

मग काडीऐवजी रोपच घेऊ का?

घ्या, एखादं घ्यायला हरकत नाही. फक्त रोपाबरोबर माती येते आणि मातीबरोबर सूत्रकृमी येऊ शकतात, मुळ्यांवर गाठी करतात ते, अंजिराचे जुने वैरी. आल्यावर मुळ्या उघडून बघा, गाठी दिसल्या तर आपल्या बागेत उतरवू नका. काडीत ही भानगड नसते. काडी स्वस्त पडते, पाठवायला सोपी आणि एकाच किमतीत तीन संधी मिळतात. दुसऱ्या देशातून मागवणार असाल तर मात्र रोप असो की काडी, आयातीचा परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, "गिफ्ट लिहून पाठवतो, काही होत नाही" म्हणणाऱ्याच्या नादी लागलात तर पार्सल जप्त होऊन नष्ट होतं, आणि नाही झालं तर नवी कीड आणल्याचं पाप लागतं.

मिळतच नाहीत, दर वेळी संपलेल्या असतात

कारण आपण उशिरा जागे होतो. काड्या निघतात छाटणीच्या वेळी, झाड पानं गाळून झोपलेलं असताना, आणि चांगल्या माणसाकडच्या काड्या त्याआधीच बोलून ठेवलेल्या असतात. फळं पिकतात तेव्हाच विचारून ठेवा. तेव्हा झाडावर फळ दिसतं, चाखायलाही मिळतं, आणि आपलं नाव यादीत लागतं. सगळ्यात चांगला स्रोत म्हणजे तुमच्याच हवामानात, चालत जाण्याच्या अंतरावर कुणाच्या तरी अंगणात फळांनी लगडलेलं झाड. छाटणी कधी करता एवढंच विचारायचं, लोक काड्या फेकूनच देतात. पावसाळी, दमट भागात असाल तर तिथली जात घेण्याला अजून एक अर्थ आहे: ज्या अंजिराच्या तळाचं तोंड मोठं उघडं असतं त्यात पाणी आणि किडे शिरून फळ आंबतं, आणि तिथे वर्षानुवर्षं फळ देणारं झाड त्या परीक्षेत पास झालेलं असतं.

लांबून घ्यायचं असेल तर मी साधारण असा मेसेज टाकतो, हवा तर उचला:

"नमस्कार, अंजिराच्या काड्या हव्या आहेत, एकाच जातीच्या तीन. काडी कधी कापली आणि कशी ठेवली आहे? पेन्सिलीएवढी जाड, पक्व लाकडाची, तीन-चार डोळ्यांची मिळेल का, शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवाल का? झाड तुमचंच आहे का, फळ किती वर्षं येतंय, आणि तुमच्याकडे अंजिराची माशी आहे का? पानांवर मोझॅक दिसतो का? असला तरी चालेल, फक्त माहीत असावं. पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला टाका, म्हणजे सुट्टीत अडकणार नाही. कडक ऊन किंवा गोठवणारी थंडी असेल तर थांबलात तरी चालेल."

एकाच जातीच्या तीन, हे मुद्दाम. आम्ही नवशिके काय करतो, आठ जातींची एकेक काडी घेतो, मग एक मेली की ती जातच गेली आणि कशाने गेली हेही कळत नाही. तीन असतील तर आधी दोन लावा, तिसरी फ्रिजमध्ये. पहिल्या दोन कुजल्या तर पाणी कमी करून तिसरी लावता येते. मी हे चौथ्या वर्षी केलं आणि त्या वर्षी नऊपैकी सात रुजल्या, पावडर न लावता.

पार्सल आलं की उघडतानाच व्हिडिओ काढा आणि सुकलेली असेल तर त्याच दिवशी कळवा. पंधरा दिवस कुंडीत ठेवून मग तक्रार केली तर तो तरी काय करणार, तोवर चूक कुणाची हे देवालाच माहीत. आणि कप भरायच्या आधी नावाची पट्टी लिहा, जात, कुणाकडून आली, कापल्याची तारीख. मार्करने नाही, पेन्सिलीने. माझी बिननावाची अजून एक कुंडी आहे, तिच्या पट्टीवर मी छान जाड मार्करने नाव लिहिलं होतं, उन्हाने ते सहा महिन्यांत पांढरं केलं, आणि आता फळ आलं की मी प्रत्येकाला चाखायला देऊन विचारतो की बाबा, ही कुठली असेल.